मथुरामायची थापन

मथुरामायला कुणी 'बिचारी' म्हटलेलं चालत नसे. एकदा घाटावर एका बाईनं चांगल्या मनानंच म्हटलं, "बिचारी एकटी राहते हो." मथुरामाय पाण्यातून वर आली आणि त्या बाईची भरलेली घागर तिनं पायानं कलंडून दिली. "भर आते परत," ती म्हणाली, "तवलोंग मी कितली बिचारी शे ते दखी ले."

मी तेव्हा प्रकाशाला नवी होते. माझं माहेर नगरकडचं. लग्न होऊन आले ती थेट तापीकाठच्या या गावात, कारण आमचे मास्तर तिथल्या शाळेवर होते. मथुरामायच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या, मागच्या दोहोंत ती राहायची. मूलबाळ नाही, नवरा जाऊन फार वर्षं झालेली. पहिल्या दिवशी मी तिला वाकून नमस्कार केला आणि "आपली कृपा असू द्या" असं काहीतरी पुस्तकी बोलले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मास्तरीन, हाई भाषा तुन्हा मास्तरले ऱ्हाऊ दे. माले सांग, भाकर येस का तुले?"

मला दादरची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची, भाकरी येत नव्हती. तिनं शिकवली. शिकवताना तिनं मला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या माझ्या सासूनंही कधी दिल्या नाहीत, आणि शिव्यांबरोबर तिची बोलीही माझ्या अंगवळणी पडली.

सकाळी नदीवरून आली की ती ओट्यावर बसून मिसरी लावायची. तासभर. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या तासात तिच्या कचेरीपुढून जायचा. कुणाची सून उपाशी निघाली, कुणाचा बैल लंगडतो, कोणत्या भटजीनं काल घाटावर कुणाला नाडलं, याचे निकाल तिथं लागत. तिच्या हातातली काठी टेकण्यासाठी नव्हतीच, दाखवण्यासाठी होती.

घाटावरच्या लोकांशी तर तिचं उभं वैर. प्रकाशाला लांबलांबची माणसं अस्थी घेऊन येत. एकदा असाच एक म्हातारा, बायकोच्या अस्थी घेऊन, एकटाच आला होता. दोन दिवसांचा उपाशी, रडून रडून डोळे सुजलेले. घाटावरच्या एकानं त्याला गोदान करायला लावलं. गाय एकच, तीच सकाळपासून दहा जणांनी दान केलेली. म्हाताऱ्यानं शेपूट धरलं, पाणी सोडलं. मग त्या इसमानं सांगितलं, अंगठी दिल्याशिवाय बाईला वाट सापडणार नाही. म्हातारा बोटातून अंगठी ओढत होता, ती निघत नव्हती, आणि हा बाबा वरून पाणी ओतून ती सैल करत होता. मथुरामाय ओल्या लुगड्यानं तशीच मध्ये गेली. "त्यानी बायको मरनी शे," ती त्या इसमाला म्हणाली, "अक्कल मरनी नई. सोड बोट." मग म्हाताऱ्याला हाताला धरून घरी आणलं, जेवू घातलं, आणि वर त्यालाही झापलं, "रडानं ते रड. पन रडता रडता हात उघडा ठेवू नको."

हे ती सगळ्यांनाच सांगायची. म्हातारं माणूस दुःखात असलं, आजारी असलं, घाबरलेलं असलं, की त्याच्याभोवती प्रेमळ माणसं कशी गोळा होतात ते तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. स्वतःवर ती पाळी येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

तिच्याजवळ चांदी होती. हसळी, कडी, वाक्या, कंबरेची जाड साखळी. नवऱ्याचं शेत दिराकडे कसायला गेलं होतं, त्यातून वर्षाचं धान्य यायचं, तेवढंच. चांदी मात्र तिची स्वतःची. नवरा गेल्यावर तिनं तापीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावल्या होत्या. वाळूत खड्डे करायचे, त्यात खत भरायचं, कोल्ह्यांपासून राखायचं. त्या टरबुजांवर तिनं एकेक दागिना केलेला. अमावास्येला ती सगळी चांदी ओट्यावर मांडून चिंचेनं घासायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "हाई साखळी कोल्हासनी टरबुजं सोडेल ना, त्या सालनी शे."

त्या चांदीचा अर्थ मला हळूहळू कळला. ती अंगावर घालत नसे. पण ती घरात आहे म्हणून मथुरामायला कुणाच्या दारात ताट घेऊन उभं राहावं लागत नव्हतं. दुखणं आलं तर वैद्य बोलावता येणार होता. तोंड उघडून खरं बोलता येत होतं. म्हाताऱ्या बाईच्या जिभेला धार हवी असेल तर घरात थोडी चांदी लागते, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, मी सांगते.

आता लोटन. लोटन तिच्या दिराचा मुलगा, तिशी-पस्तिशीचा. त्याला पाहिलं असतं तर तुम्हीही म्हणाला असता, पुतण्या असावा तर असा. येता-जाता "काकी, काकी" करायचा. पाया पडल्याशिवाय ओट्यावरून जायचा नाही. शेतातलं पहिलं कणीस तिला आणून द्यायचा. गावात त्याच्याबद्दल वाकडं बोलणारा माणूस नव्हता. अशा माणसांची मला तेव्हापासून धास्तीच बसली आहे.

एका श्रावणात तापी चढली. खालच्या गल्लीत पाणी शिरलं, माणसं वरच्या अंगाला पळाली. आम्ही शाळेत जाऊन बसलो. मथुरामाय मात्र गुडघाभर पाण्यात दारात उभी, हातात तोंडाला फडकं बांधलेली पितळी घागर, त्यात सगळी चांदी. घागर नीट ठिकाणी गेल्याशिवाय ती हलणार नव्हती. शेजारचे करीमचाचा पिंजारी आपली कापूस पिंजायची धनुकली वाचवायला तिथंच होते. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. लोटन धावत आला. त्याचं घर उंचावर, पक्क्या जोत्याचं. मथुरामायनं घागर त्याच्या डोक्यावर दिली आणि लहान पोराचा धरावा तसा त्याचा कान धरून म्हणाली, "लोटन, थापन शे हाई. पानी उतरनं का माले आनी दे." लोटन म्हणाला, "हा काकी." मग कुठं ती निघाली.

थापन हा शब्द मला माहीत नव्हता. मथुरामायचं माहेर निझरकडचं, तिकडे बोलीत गुजराती मुरलेली. थापन म्हणजे ठेव. जपायला दिलेली, मागितल्यावर द्यायची वस्तू. त्या भागात हा शब्द हलक्यानं उच्चारत नाहीत. "थापन खायेलना घरमा दिवा लागत नई," असं मथुरामाय म्हणायची.

पाणी उतरलं. तिनं घरातला गाळ उपसला, भिंती सारवल्या आणि घागर मागायला गेली. लोटन म्हणाला, भिंती अजून ओल्या आहेत, चोरांचे दिवस आहेत, राहू द्या. पंधरवड्यानं गेली तर म्हणाला, मी गावाला निघालोय, आल्यावर आणतो. पुन्हा गेली तर त्याची बायको दारात आडवी आली. मग एक दिवस त्यानं अगदी मऊ आवाजात सांगितलं, "काकी, ती ते तू माले दिधी ना. आते या वयमा तुले कसाले पाहिजे?"

मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली आणि लोटन तिथून घोडा घेऊन आला. पांढरा, उंच, कपाळावर तांबूस ठिपका. सगळं गाव बघायला जमलं. आपापली पोरं उचलून त्याच्या पाठीवर बसवत होते. मथुरामायही गेली. घोड्याभोवती एक फेरी मारली, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दखा रे, मन्ही टरबुजं चार पायवर उनी."

कुणी हसलं नाही. घोडा कुणाच्या चांदीतून आला ते सगळ्यांना कळलं होतं. आणि कळूनही कुणाला काही वाटलं नव्हतं! इथून माझा संताप सुरू होतो, आणि आज एवढी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. गावचे थोरले आप्पा, ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, ते स्वतः ओट्यावर येऊन बसले आणि तिला समजावू लागले. "मथुराबाई, आज ना सकाळ त्यानंच व्हतं ना ते सगळं? तोच तुन्हा वारस."

"सकाळ," मथुरामायनं तो 'उद्या'चा शब्द तेवढा उचलला. "आज तर नई ना?"

"घरनी वस्तू घरमा गई."

"तुन्हा धाकला भाऊनी तुन्हा बैल सोडी लिधा, ते भी घरमाच गया का आप्पा?"

आप्पा उठले. त्यांच्या मते ही म्हातारपणाची भ्रमिष्टाई होती. दुसऱ्या कुणाच्या घागरीतली चांदी दुसऱ्या कुणी नेली असती तर याच आप्पांनी त्याला चावडीवर बांधून घातलं असतं. पण घागर म्हाताऱ्या बाईची, आणि नेणारा तिचा वारस! मग ती चोरी नव्हे, थोडी घाई. माणूस म्हातारं झालं की त्याचं जे काही असेल ते लोक मनातल्या मनात वाटूनच टाकतात, आणि ते माणूस अजून श्वास घेतंय ही एक अडचण तेवढी उरते. मथुरामाय या सगळ्याला एकच उत्तर देई, "मी आजून जित्ती शे."

ती शहाद्याला फौजदाराकडे निघाली तेव्हा तिच्याबरोबर जायला कुणी नव्हतं. आमच्या मास्तरांना सरकारी नोकरीची काळजी. "आपण परके, गावच्या भांडणात कशाला?" ते म्हणाले. मी म्हटलं, मी भांडायला जात नाही, सोबतीला जाते. आणि गेले. करीमचाचांनी आपल्या मेव्हण्याचा छकडा आणला.

फौजदार गादीवर रेलून बसला होता. त्यानं अर्धंच ऐकलं आणि हात झटकला. "घरगुती भानगड आहे. दिवाणीत जा."

"दिवाणीमा काय व्हस?" मथुरामायनं विचारलं.

"दावा लावायचा. निकाल लागला तर चांदी मिळेल."

"आनि त्याले काय व्हस?"

"त्याला काय होणार? त्यानं परत द्यायची."

"म्हनजे चोरनी चोरी करानी, आनि पकडायना ते फक्त वस्तू परत देवानी?" ती म्हणाली. "मंग तुमले आठे कसाले बसाडेल शे?"

फौजदारानं आम्हाला बाहेर काढलं. तिथून आम्ही एका वकिलाकडे गेलो. वकील वयस्क, भला माणूस. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तोही म्हणाला, बाई, दिवाणी लावा. फौजदारी कडक असते, पोरगं तुरुंगात जाईल, उद्या त्यानंच तुम्हाला अग्नी द्यायचा आहे. मथुरामाय त्याच्यासमोर खाली बसली होती. ती उठून उभी राहिली.

"वकीलसाहेब, माले नुसती चांदी नको. सरकारनी त्याले चोर म्हनाले पाहिजे. चांदी दिधी आनि चोर नई म्हनं, ते सकाळ तो दुसरी म्हातारीनं घर दखी."

वकिलानं चष्मा काढून पुसला. मग त्यानं समजावलं. विश्वासानं जपायला दिलेली वस्तू गिळली तर तो गुन्हा आहे, त्याला कैद आहे. पोलीस घेत नसतील तर फिर्याद थेट मामलेदारसाहेबांपुढे देता येते, ते मॅजिस्ट्रेटच असतात. मी मध्येच विचारलं, म्हाताऱ्या माणसाला लुटलं तर शिक्षा जास्त असते का? तो कसनुसं हसला. म्हणाला, कायद्याला वय कळत नाही. पेढीवाल्याची रक्कम गिळली काय आणि म्हातारीची चांदी गिळली काय, कलम एकच.

परत येताना छकड्यात मी त्यावर विचार करत होते. कायद्यात म्हाताऱ्यांसाठी वेगळं कलम नव्हतं. रिवाजात मात्र म्हाताऱ्यांना लुटणाऱ्याला चांगली घसघशीत सूट होती. मथुरामाय माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती, तोंड उघडं, घोरत. तिला मी झोपलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

फिर्याद दिली आणि गाव उलटलं. लोटनवर नव्हे, तिच्यावर! पाणवठ्यावर बायका तिला बघून घागरी उचलू लागल्या. एकीनं विस्तव द्यायचं नाकारलं. "तुन्हा मढाले खांदा कोन देई?" आप्पांनी भर रस्त्यात विचारलं. करीमचाचांना तर लोटनच्या घरून कापूस पिंजायचं काम यायचं ते बंद झालं, आणि पाठोपाठ आणखी चार घरांचं. चाचा म्हणाले, "माय, मी कानथीन ऐकेल शे. कान काही लोटनना घरना नईत." एवढंच म्हणाले आणि साक्षीला उभे राहिले.

आणि ते कचेरीतलं प्रकरण. मामलेदार कोकणातले, नवीनच बदलून आलेले. त्यांना बोली कळत नव्हती. जबानी लिहून घेणारा कारकून देशावरचा, त्याला वाटे आपल्याला कळते. मथुरामाय उभी राहिली, शपथ घेतली आणि जे घडलं ते आपल्या भाषेत सांगितलं. पूर आला, लोटन आला, मी लोटनले थापन दिधी. कारकून खाली मान घालून भराभर लिहीत होता. मी मागच्या बाकावर, पदर तोंडाशी धरून.

मग कारकुनानं जबानी वाचून दाखवली. "पुराचे वेळी आरोपी माझे घरी आला. त्या वेळी मी आरोपीस थाप दिली."

लोटनचा वकील ताडकन उठला. "साहेब, फिर्यादी स्वतःच कबूल करते आहे. तिनं माझ्या अशिलाला थाप दिली, म्हणजे फसवलं. घागरीत चांदी नव्हतीच. ही फिर्यादही तशीच एक थाप आहे." सगळी कचेरी हसली. लोटन हसला. मामलेदारांच्याही ओठाची एक कड हलली.

मथुरामाय हसली नाही. ती पाठीमागे वळली. "मास्तरीन, थाप म्हनजे खोटं ना?" मी मान हलवली. शिपायानं मला दटावलं. ती पुन्हा मामलेदारांकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "साहेब, हाऊ तुमना मानूस मन्हा तोंडमा शेन घाली ऱ्हायना. मी थाप नई म्हनं. थापन म्हनं. थापन!"

"थापन म्हणजे काय?" मामलेदारांनी कारकुनाला विचारलं.

"थापच, साहेब. बोलीत तसं म्हणतात," कारकून म्हणाला. त्याला कान धरून उठवावंसं मला वाटलं. कुणाची तरी आयुष्यभराची चांदी त्याच्या एका टाकाच्या फटकाऱ्यात बुडत होती आणि तो निवांतपणे टाक पुसत होता.

मथुरामायनं त्याच्याशी वाद घातलाच नाही. ती सरळ पिंजऱ्यातल्या लोटनकडे वळली. तेच बोट, तोच आवाज, ज्या आवाजात ती त्याला लहानपणापासून दारात उभं करून झापत आली होती. "लोटन! तू सांग साहेबले. तुन्ही मायनी भाषा शे ती. थापन म्हनजे काय?"

आणि लोटन बोलून गेला. काकीनं विचारलं की उत्तर द्यायचं, ही त्याची जन्माची सवय. "सांभाळाले देयेल वस्तू, काकी."

"बोलू नकोस!" त्याचा वकील ओरडला, पण शब्द बाहेर पडला होता. कचेरीत कुणी हसलं नाही. मामलेदारांनी टाक खाली ठेवला. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "ते खोडा. आणि तिनं म्हटलं तसं लिहा, अक्षर न् अक्षर."

मग करीमचाचा आले. त्यांनी सांगितलं, बाई म्हणाली थापन शे, हा म्हणाला हा काकी. मामलेदारांनी विचारलं, तुम्ही थापन म्हणजे काय समजलात? चाचा म्हणाले, "अमानत, हुजूर." तो शब्द तर कचेरीच्या भिंतींनाही पाठ होता.

शेवटी मामलेदारांनी मथुरामायला विचारलं, जरा नरमाईनं, "बाई, हा तुमचा वारस आहे ना? तुमच्या मागं याचंच होणार. तरी फिर्याद चालवायची?"

"मन्हा मांगे," ती म्हणाली. "साहेब, मी मरेल दिसस का तुमले? दखा ना, समोर उभी शे."

लोटनला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली, वर दंड. उरलेली चांदी परत देवविली, घोडा विकून बाकीची भरपाई झाली. कचेरीबाहेर मथुरामायनं वकिलाला विचारलं, "साहेबनी त्याले चोर म्हनं का?" वकील म्हणाला, विश्वासघात केला असं म्हणाले. "त्यामा चोर शे ना?" "आहे, त्यात चोर आहे." तेव्हा कुठं ती छकड्यात चढली.

तुम्हाला वाटेल, गावाचे डोळे उघडले असतील. छे! गावानं सहा महिने लोटनच्या बायकोला धान्य पोचवलं. मथुरामायला कुणी भजनाला बोलावलं नाही, बारशाला नाही, लग्नाला नाही. "पोरगाले खडी फोडाले धाडं डाकीननी," असं तिला ऐकू जाईल असं बोलत. खडी फोडायला त्याला त्याच्या चोरीनं धाडलं होतं. पण हे म्हणायला एक जीभ वळेल तर शपथ. तिला काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा मिसरी लावताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मास्तरीन, आते कोनी भांडत भी नई मन्हासंगे." तेवढंच. मग पुन्हा बोट दातांवर फिरू लागलं.

लोटन सुटून आला तेव्हा त्याला तापीत स्नान घातलं, देवळात नेलं आणि त्याच्या दारात गावजेवण घातलं. तुरुंगातून आलेल्याला पंगतीत घेतलं की तो शुद्ध! खापरावरच्या पुरणपोळ्या, सार, कुरडया. आधी पुरुष जेवले, मग दुपारी बायकांची पंगत बसली. मास्तरीण म्हणून मलाही बोलावणं होतं. मथुरामायला अर्थातच नव्हतं.

पानं मांडून झाली आणि ती आली. धुतलेलं लुगडं, हातात काठी. कुणाला काही न विचारता पंगतीच्या टोकाला एक पत्रावळ ओढून बसली. वाढणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वाढायला सुरुवात झाली आणि तिच्या पत्रावळीशी येऊन प्रत्येक हात पुढं सरकला. पोळी पुढं गेली, सार पुढं गेलं. ती ताठ बसून राहिली, समोर कोरी पत्रावळ. बायका खाली माना घालून जेवल्या. माझ्या पानातलं तसंच होतं.

जेवणं झाली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. त्या गावात रिवाज असा, की पंगतीतली सगळ्यात वडील बाई हात धुऊन उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पंगतीत सगळ्यात वडील मथुरामाय होती. तिनं हात धुतला नव्हता, कारण तो खरकटाच झाला नव्हता.

कुणाची उठायची हिंमत होईना. हात वाळू लागले. तान्ही पोरं रडायला लागली, त्यांना घ्यायला आयांना उठता येईना. पत्रावळींवर माशा बसल्या. आप्पा आले. "मथुराबाई, उठी जा आते."

"जेवाना पहिले कोनी उठस का, आप्पा?" ती म्हणाली.

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. एकही वाढणारी पुढं आली नाही. आप्पा निघून गेले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. आणि मग घरातून लोटन बाहेर आला. डोकं भादरलेलं, अंगानं वाळलेला, हाताच्या तळव्यांना घट्टे. त्याच्या हातात परात होती. सगळ्या पंगतीच्या मधून चालत तो तिच्यापर्यंत आला, खाली बसला आणि त्यानं तिच्या पत्रावळीवर पोळी वाढली. मग सार वाढलं. थोडं सार जमिनीवर सांडलं. त्याची मान खाली होती.

पुढच्याच महिन्यात मास्तरांची बदली झाली आणि आम्ही प्रकाशा सोडलं, म्हणून माझ्या डोळ्यांपुढची शेवटची मथुरामाय तीच. सगळी पंगत वाळल्या हातांनी तिच्याकडे बघत बसलेली. तिनं पोळीचा तुकडा मोडला, सारात बुडवला, तोंडात घातला. कसलीही घाई न करता चावला.

"लोटन," ती म्हणाली, "मीठ कमी शे. जाय, मीठ आन."

तो उठला आणि मीठ आणायला आत गेला.